भैरूनं धरलेला हात

या, अशा पुढं सरकून बसा. भिंतीला पाठ टेकलीत तरी चालेल, पण कान इकडं असू द्या. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती काही लांबून ऐकलेली नाही. तिच्यात माझीही एक चूक आहे, तीसुद्धा सांगेन.

कीर्तनाला बसायची मला लहानपणापासून आवड. बुवा आधी एक प्रश्न समोर ठेवतात, त्याला चहूबाजूंनी निरखतात आणि मग आख्यान लावतात. माझा प्रश्न साधा आहे. डॉबरमॅन जातीचं कुत्रं घरच्यांना लळा लावेल, की त्यांची राखण करील? एकाच जिवात दोन्ही मावतं का? पिरनवाडीत आमच्या गल्लीला हा प्रश्न एका रविवारी पडला, आणि त्याचं उत्तर त्याच दुपारी द्यायचं होतं.

माझ्या शेजारी जयाबाई राहतात. त्यांचा मुलगा नागेंद्र फौजेत, कायम लांब कुठंतरी वर. लग्नानंतर ड्युटीवर परतताना त्यानं बायकोजवळ, आरोहीजवळ, दोन महिन्यांचं एक पिल्लू आणून ठेवलं. म्हणाला, "घरात तुमी दोघीच. राखणीला कोणतरी पायजे." नाव ठेवलं भैरू. या जातीच्या कुत्र्यांचे कान कापून ताठ उभे करतात म्हणे. नागेंद्रनं तसलं काही करू दिलं नाही. त्यामुळं भैरू काळाभोर, तगडा, छातीवर तांबूस ठसा, आणि कान मात्र लहान मुलाच्या टोपीसारखे लोंबते.

वर्षभरात गल्लीत त्याचा दरारा झाला. गॅसवाला सिलिंडर फाटकाबाहेर उतरवायचा आणि ओरडायचा, "मावशी, आधी तुमच्या साहेबांना आत घ्या!" पण घरात हाच साहेब वेगळा. त्याची एक खोड होती. आपल्या माणसाजवळ आला की नुसता बसायचा नाही, सगळं अंग सोडून टेकायचा. आरोहीला दिवस गेले, पोटात पाणीसुद्धा ठरेना, तेव्हा ती मागच्या पायरीवर डोळे मिटून बसायची आणि हा तिच्या पायांना टेकून उभा. ती उठेपर्यंत हलायचा नाही. संध्याकाळी मी आणि जयाबाई हरिपाठ म्हणायचो, तेव्हा जयाबाईंच्या पावलावर याची मान. माझी झांज जोरात वाजली की एक डोळा उघडून बघायचा, माझाच ताल चुकल्यासारखा.

सातव्या महिन्यात आरोही माहेरी, निपाणीकडं गेली. मुलगी झाली, बारसं तिकडंच झालं, नाव ओवी. साडेपाच महिन्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, लेकराला घेऊन ती परत यायची होती.

आता माझी चूक. त्या सकाळी मी जयाबाईंना म्हणाले, "भैरूला परड्यात बांधा. आनंदानं अंगावर उडी घेतली तर? तान्हं लेकरू ते."

"आगं पर साडेपाच म्हैने वाट बघतंय ते."

"मग आणि दोन घटका बघंल. लेकरू आत येऊ दे, ओवाळणं होऊ दे, मग सोडा."

जयाबाईंनी माझं ऐकलं. घराच्या मागं शेवग्याला साखळी बांधली.

ओवाळायचा मान मनुआक्काचा. मनुआक्का म्हणजे जयाबाईंची नणंद, नागेंद्रची आत्या. खानापूरहून त्यांच्याच शेजारच्या रवळूच्या टेंपोतून आल्या होत्या. बोलणं तिकडच्या बायकांचं, 'मी आलो, मी गेलो' असं. अंगानं काडी, जिभेनं कोयता. पण कुत्र्याला मात्र जन्माच्या भ्यालेल्या. वाटेत कुत्रं झोपलेलं दिसलं तर मागं फिरून दुसऱ्या गल्लीनं जायच्या. आल्या आल्या त्यांनी तीनदा विचारलं, "कुत्रं बांधलंय न्हवं?"

अकराच्या सुमारास गाडी आली. आरोही ओवीला छातीशी धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तुम्हाला ठाऊकच आहे, लेकरू पहिल्यांदा घरात येतं तेव्हा त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून दूर टाकतात, म्हणजे वाटेत लागलेली नजर बाहेरच राहते. मनुआक्कांनी एका हातात तांब्या घेतला, दुसऱ्यात तुकडा, आणि मायलेकींच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. हात जोरात फिरला, काकणं खळाळली, ओवी दचकली आणि टाहो फोडून रडायला लागली.

मागं परड्यात भैरूनं आधी आरोहीचा आवाज ऐकला होता. तेव्हा नुसता कण्हत होता. लेकराचं रडणं ऐकलं आणि गळ्यातला पट्टा तुटला. स्वयंपाकघरातून, माजघरातून, माझ्या अंगावरून तो सरळ दारात गेला आणि मनुआक्कांचं मनगट त्यानं तोंडात धरलं.

तांब्या पडला. दोन काकणं फुटली. लुगड्यावर रक्त ठिबकलं.

"चावला! आरं चावला!" रवळू फाटकातून ओरडला.

आरोही एकच शब्द बोलली, "सोड." भैरूनं तत्क्षणी हात सोडला. पळाला नाही, भुंकला नाही. वळला आणि आरोहीच्या गुडघ्यांना अंग टेकून उभा राहिला, तोंड मात्र मनुआक्कांकडं.

तुटक्या पट्ट्याला गाठ मारून मी त्याला परत शेवग्याला नेऊन बांधलं. तो मुकाट आला.

जयाबाईंनी रडत रडत नागेंद्रला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "आई, आत्याला आज झालं, उद्या ओवीला झालं तर? मला ड्युटी सोडून यायला येत न्हाय. आजच्या आज त्याला घालवा."

रवळूच्या रानात डुकरं भात उधळायची, त्याला कुत्रं हवंच होतं. "साखळीला बांधून ठेवतो. दोन वेळचं खाईल. दुपारी परत जाताना नेतो," तो म्हणाला. एवढं सोपं झालं ते.

आरोही ओवीला मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "तू काय म्हणतीस?"

"मी हिची आई हाय, गुणाक्का. ठेवा म्हणू कशी? आन न्या म्हणायला जीभ उचलत न्हाय."

मी आणि रवळू मनुआक्कांना डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी मनगट साबणानं खूप वेळ धुतलं, भिंग लावून बघितलं. रक्त आलं होतं ते काकणाची काच घुसून. दातांच्या चार तांबड्या खुणा होत्या, पण कातडी कुठं फुटलेली नव्हती. भैरूला टोचून घेतल्याचं कार्ड बघितलं, तरीही खबरदारी म्हणून एक सुई दिलीच.

परतीच्या वाटेवर मनुआक्का मनगट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोयता म्यानात. पिरनवाडीचा फाटा आला तेव्हा हळूच म्हणाल्या, "गुणाक्का, त्याचं तोंड ऊन हुतं."

"व्हय?"

"आन थरथरत हुतं. मी भ्यालतो तसं ते बी भ्यालतं." मग मनगटाकडं बघत, "हाडूक कडाकडा फोडणारा जबडा त्यो. मी कोंबडीचं पिल्लू धरतो तसा माझा हात धरला त्यानं."

घरी आलो तर जयाबाईंनी भैरूचं ताट आणि पांघरायचं पोतं फाटकाशी आणून ठेवलं होतं. रवळूनं टेंपोचं मागलं फळकूट पाडलं.

"थांब रं रवळू," मनुआक्का म्हणाल्या. "वैनी, ओवाळणं अर्धं राहिलंय. लेकरू अर्ध्या ओवाळण्यानं घरात बसलंय. दुसरी भाकरी आण."

"मनुआक्का, आता कशाला तो आटापिटा?" जयाबाई म्हणाल्या.

"आण म्हणतो न्हवं! आन कुत्रं सोडा."

रवळू म्हणाला, "आक्का, दुसरं मनगट बी देताय काय?"

"तुजं देऊ काय? तुज्यावर मास लई हाय." त्या दाराच्या पायरीवर बसल्या. "आरं, त्याच्या बाजूनं बघा की जरा. सहा म्हैन्यांनी त्याची मालकीण आली. दारात कोण म्हातारी तिच्या डोक्यावर हात फिरवतीया, लेकरू किंचाळतंय, आन ह्याला मागं बांधून घातलंय. मी असतो तर खरंच चावलो असतो. बांधा म्हणून कुणी सांगितलं हुतं?"

"मी," मी म्हणाले.

"मग तूच सोड जा."

मी गेले. भैरूनं माझा हात हुंगला आणि माझ्याबरोबर चालत पुढं आला. मनुआक्का तशाच पायरीवर बसून, मान खाली, पट्टी बांधलेला हात पुढं केलेला. तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या. भैरूनं ती पट्टी हुंगली, भाकरी हुंगली, तांब्या हुंगला. मग आरोही ओवीला मांडीवर घेऊन समोर बसली आणि तिनं लेकराच्या डोक्यावरचं टोपडं काढून त्याच्या नाकाशी धरलं. तो त्या टोपड्यात नाक घालून इतका वेळ उभा राहिला की जयाबाई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या, आणि लगेच परतही आल्या.

या वेळी मनुआक्कांनी हात सावकाश फिरवला. एक फेरा. भैरूची नजर हाताबरोबर फिरली. दुसरा. ओवीनं त्याचा लोंबता कान मुठीत धरला, तरी तो हलला नाही. तिसऱ्या फेऱ्याला त्यानं अंग सोडलं आणि मनुआक्कांच्याच गुडघ्याला टेकला. मग त्यांनी हात पुढं नेला आणि त्याच्या डोक्यावरूनही तो तुकडा एकदा फिरवला.

"घरातला हाय न्हवं," त्या पुटपुटल्या, आणि उभ्या राहून तुकडा लांब रस्त्यापलीकडं भिरकावला.

भैरू बाणासारखा सुटला. तुकडा तोंडात धरून आला आणि मनुआक्कांच्या पायाशी आणून ठेवला.

"आरं देवा! इडापिडा माघारी घिऊन आला की!" त्या ओरडल्या आणि मग असल्या हसल्या की खोकलाच लागला. रवळूसुद्धा टेंपोच्या फळकुटावर बसून हसत होता. शेवटी तो तुकडा भैरूनंच खाऊन टाकला. मनुआक्कांनी त्यावर शास्त्र सांगितलं, की दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, ती पीडा खायलाच. असं कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही. त्या दिवशी आम्ही ते मानलं.

नागेंद्रला फोन मनुआक्कांनीच लावला. "जिला धरलंतं ती मी बोलतो. कुत्रं ऱ्हातंय." त्यानं आधी मनगट किती दुखतंय ते विचारलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे आत्या. पर एक. ओवीला आन त्याला एकटं सोडायचं न्हाय. कधीच न्हाय. आन आपलं माणूस आलं की बांधायचं न्हाय, ओळख करून द्यायची." जयाबाईंनी दुसऱ्याच दिवशी माजघराला जाळीचं दार बसवून घेतलं.

रवळू रिकामा टेंपो घेऊन खानापूरला गेला.

आता ओवी चालायला लागली आहे. भैरू तिच्या आणि रस्त्याच्या मधून चालतो. कोणी मोठं माणूस जवळ असतंच. तो नेम आम्ही मोडलेला नाही. गॅसवाला अजून बाहेरूनच ओरडतो. एका जिवात दोन्ही मावतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण ते मावायला आधी कोणीतरी भीती बाजूला ठेवून जवळ बसावं लागतं.

मनुआक्का गेल्या आषाढात वारल्या, खानापूरला, झोपेतच. म्हणून एवढं करा. तुमच्या दारात कधी नवं लेकरू आलं, हातात भाकरीचा तुकडा घेतलात, तर फिरवायच्या आधी क्षणभर मनुआक्काची आठवण काढा. ज्या दारात हात धरला गेला, त्याच दारात तोच हात घेऊन ती पुन्हा बसली होती.