रक्तपेढीतली तीन बटणे

मित्रांनो, संगणकावर याद्यांचा तक्ता उघडला की वरच्या कडेला बटणांची एक ओळ दिसते. तिला टूलबार म्हणतात. एका लहानशा रक्तपेढीतली अवघ्या तीन बटणांची तशी जुनी टूलबार म्हणजे मी.

मला घडवले एका निवृत्त घड्याळजींनी. त्यांची मुलगी त्या रक्तपेढीत काम करी; तिथे सगळे तिला ताई म्हणत. लांबलचक यादीत रक्तदाता शोधताना तिच्या डोळ्यांत पाणी येई, म्हणून बाबांनी या वयात मॅक्रो, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायला शिकून घेतले. लेकीचे लाडाचे नाव चिमणी. तेच त्यांनी मला दिले. फाइल उघडली की मॅक्रो मला नावाने हाक मारी आणि मी हजर! एक बटण दाबताच योग्य गटाचे, जवळ राहणारे रक्तदाते समोर येत. सगळे माझे कौतुक करीत.

मग नवा संगणक आला. तो बसवणाऱ्याने माझे नाव बदलून ‘पट्टी १’ केले. मॅक्रोला चिमणी सापडेना. चूक झाल्याचे सांगणारी खिडकी पडद्यावर वारंवार उघडू लागली, तेव्हा त्याने घाईघाईत मॅक्रोत एक ओळ लिहिली : चूक आली तरी पुढे जा. खिडकी गप्प झाली. मीही दिसेनाशी झाले. दोन महिने साठ्यातले रक्त पुरत होते, त्यामुळे माझी कुणी साधी चौकशी केली नाही.

एके दुपारी एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचे रक्त तातडीने हवे होते. यादीत दोन हजार नावे. ताईंनी घरी बाबांना फोन लावला.

“बाबा, बटणंच नाहीत! आणि चूकही दाखवत नाही.”

“आधी ती ‘पुढे जा’ची ओळ काढ. चुकीला बोलू दे गं.”

“काढली. म्हणतंय, चिमणी सापडत नाही.”

“टूलबारच्या यादीत बघ. अनोळखी नाव आहे का एखादं?”

“पट्टी १!”

“तीच आपली. नाव परत बदल आणि फाइल पुन्हा उघड.”

मी दिसले. ताईंनी बटण दाबले. चार नावे आली. तिसरा होता पावाच्या भट्टीवरचा कारागीर. तो बाह्यांवरच्या पिठासकट धावत आला. बाळाची आई वाचली.

ताई फोनवर नुसत्याच रडत होत्या. बाबा म्हणाले, “आता पाणी पी बघू.”

मित्रांनो, चूक सांगणारी खिडकी त्रास द्यायला येत नाही, ती मदत मागायला येते. तिला गप्प करू नका. आणि वर्गात कुणी “मला जमत नाही” म्हणाले, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि हळूच विचारा, “तुला नेमकं काय सापडत नाहीये?”