व्हिटबीच्या अलीकडे

क्लिफर्डची छप्पन सालची हिरवी मोटार समुद्रकाठच्या व्हिटबी गावाच्या रस्त्यावर, समुद्र दिसण्याआधीच, दर वेळी बंद पडे. आणि पेट्रोल आहे ना, हे पाहायला त्याने टाकीचे टोपण काढले की लगेच सुरू होई.

"झाली ना सुरू? मग चल पुढे," मांडीवरचा चहाचा थर्मास सावरत त्याची बायको ईनिड म्हणे. "डॉक्टरांनी मला हा उन्हाळाच दिलाय. तेवढा समुद्र दाखव."

"कारण कळल्याशिवाय भरवसा कसा ठेवू?"

"माझ्याशी लग्न केलंस, तेव्हा कुठे कारण कळलं होतं!"

तरी तो गाडी घराकडेच वळवी. त्याने पंप बदलला, कार्ब्युरेटर उघडला, नळ्या नव्या घातल्या. आणि प्रत्येक फेरीआधी तिच्यासाठी मेण चोळून गाडी आरशासारखी चमकवली. हिवाळ्यात ईनिड गेली, समुद्र न पाहताच.

वसंतात गाडी विकायला काढताना त्याने ते टोपण उजेडात धरले. त्यातले, हवा आत जाण्याचे टाचणीएवढे छिद्र मेणाने बुजले होते. टाकीत हवा शिरत नसल्याने पेट्रोल अडत होते. टोपण काढताच हवा शिरे. मेण त्यानेच चोळले होते. टोपण काढून तसेच पुढे गेले असते, तरी समुद्र गाठता आला असता.