बासष्ट जड शब्द

जुमाली अगाय, म्हणजे जुमाली गुरुजी, मुख्याध्यापक झाले त्या वर्षी नारिन नदीच्या खोऱ्यातल्या त्या शाळेत मुलं बोलायची थांबली आणि भाषणं करू लागली.

अगायांची पद्धत सोपी होती. रोज दहा जड शब्द वहीत उतरवायचे आणि शनिवारी घडाघडा म्हणून दाखवायचे. शब्द जितका लांब, तितके गुण जास्त. कुणी अर्थ विचारला तर ते मायेने सांगत, "आधी पाठ कर. अर्थ मागून येतो." तो कुणाच्याच मागून आला नाही. हिवाळ्यात दौतीतली शाई गोठायची, ती शेगडीजवळ धरून पातळ करावी लागे. एवढ्या कष्टाची ती शाई त्या वर्षी 'सर्वांगीण' आणि 'दैदीप्यमान' यांच्यावर संपली. एका मुलाने रजेच्या अर्जात लिहिलं, 'माझ्या पोटात सर्वांगीण कळा येत आहेत.' त्याला गुण मिळाले, रजा मिळाली नाही.

मेंढपाळ कासमालीची अनीपा तेव्हा आठवीत होती, आणि गावात नववी नव्हती. जिल्ह्याच्या वसतिशाळेत गावासाठी एकच जागा होती. समितीसमोर जो उत्तम बोलेल, त्याची. नाहीतर मावशीबरोबर गोठ्यावर धारा काढायला जायचं. मावशीने तिच्यासाठी रबरी बूटही आणून ठेवले होते. दोन बोटं मोठेच, म्हणजे जन्मभर पुरावेत.

अगायांनी तिला 'मेंढपाळाचे जीवन' हे चार पानी भाषण लिहून दिलं. त्यात बासष्ट जड शब्द होते. ते त्यांनी स्वतः मोजून खाली सही केली होती.

"अगाय, यात मेंढ्या कुठे आहेत?" अनीपाने विचारलं.

"मेंढ्या तुमच्या घरी आहेत की. बरं झालं आठवलंस. समितीच्या जेवणाला एक मेंढा लागेल. बापाला सांग, पोरगी व्यासपीठावर चढतेय, एका मेंढ्याचं काय एवढं?"

कासमालीने कळपातला सगळ्यात चांगला मेंढा काढून दिला. अनीपाचा एक्केचाळिसावा शब्द पाठ होत होता, तेव्हा मागच्या अंगणातून त्याला नेलं.

समिती आली. अनीपा उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि तिसऱ्यातल्या 'सर्वांगीण'पाशी अडकली. पुढचं काहीच आठवेना.

"विद्यार्थिनी भावनावश झाली आहे," अगाय म्हणाले.

समितीचे अध्यक्ष मुकाय यांनी कागदावरच्या तिच्या नावावर एक रेघ मारली. अनीपाला ती रेघ लांबूनही दिसली, आणि तिच्या डोळ्यांसमोर रबरी बूट आले.

जेवण अगायांच्या घरी होतं. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला मुली लागतात, म्हणून अनीपाला तिथेही उभं केलं. मानाच्या पाहुण्यापुढे रिवाजाप्रमाणे मेंढ्याचं डोकं ठेवलं. मुकायांनी कान कापून घरातल्या धाकट्याला दिला. मग सुरी थांबवून त्यांनी अनीपाकडे पाहिलं.

"जीभ या पोरीला. ज्याला बोलता येत नाही त्याला देतात ना ती? खा, आणि मग बोल काहीतरी."

सगळे हसले. अगाय सगळ्यांत मोठ्याने हसले.

अनीपा तळहातावरच्या जिभेकडे बघत राहिली. मग डोक्याकडे. उरलेल्या कानाला ओळखीची खाच होती.

"अता, ही मला नाही खाववणार," ती वडीलधाऱ्या मुकायांना म्हणाली. "हा मेंढा माझा आहे. बर्फात जन्मला, आईने जवळ घेतला नाही. मी बाटलीने दूध पाजलं. रात्री माझ्या पायाशी झोपायचा. दोनदा माझ्यामागे शाळेतही आला. दुसऱ्यांदा अगायांनी खडूची पेटी फेकून मारली त्याला."

अगाय घाईघाईने पाहुण्यांना आणखी वाढू लागले.

"या जिभेला एकच आवाज काढता यायचा. पण भूक लागलीय, थंडी वाजतेय की मी दिसलेय, ते आम्हाला बरोबर कळायचं. मला बासष्ट शब्द येतात. मगाशी तुम्हाला काय कळलं?"

समितीतल्या बाईंनी हातातलं हाड हळूच ताटात ठेवलं. मुकायांनी सुरी पुसून खाली ठेवली. मग खिशातून तो कागद काढून त्यांनी रेघ खोडली.

"तुझ्या बापाला सांग," ते म्हणाले, "शरद लागला की पोरीला गाडीत बसव."

आठवड्याने समितीचा अहवाल आला. विद्यार्थिनीची शब्दसंपदा दैदीप्यमान असून त्याचे श्रेय शब्दवहीच्या पद्धतीस जाते, असं त्यात होतं. पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत वह्या वाटल्या, आणि अगाय गावोगाव त्यावर भाषणं देत हिंडले.

अनीपा निघाली त्या दिवशी ते गाडीपाशी आले.

"खरं सांग," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी जेवताना बासष्टातले किती वापरलेस?"

"एकही नाही, अगाय."

अगायांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे तिथे कुणाला सांगू नकोस," म्हणाले, आणि मावशीने आणलेले रबरी बूट त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीत ठेवले. शहरातही चिखल असतोच.