मागची पायरी

कंडक्टरबाईंनी बसच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या आणि बस निघाली. दार पुढे होतं, ते ड्रायव्हरने आतूनच ओढून घेतलं. बाईंनी मागच्या पायरीवर चढायला उजवा पाय उचलला होता, पण या बसला मागे पायरीच नव्हती. पाय परत जमिनीवर टेकेपर्यंत बस दीपगृहाचा उतार उतरून वळणाआड गेली. मागच्या काचेत धाकट्या नातीची पिवळी टोपी तेवढी दिसली.

बाई मागे वळल्या. ठामपणे चार-पाच पावलं चालल्या, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. समोर समुद्र होता. त्यांनी डाव्या खांद्याला हात लावून पाहिला, खांदा रिकामा होता, आणि हात हळूच खाली घेतला.

थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. पलीकडे टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विकणारी एक बाई ताडपत्रीच्या सावलीत बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने तोंडाला पदरासारखं काहीतरी लावून हसू आवरलं आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवलं.

कंडक्टरबाई हे नाव जावयाने ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासूबाईंनी त्याला बसायला सांगताना "पुढे सरका" असं म्हटलं होतं, ते तो अजून सगळ्यांना सांगत असे. खरं तर नाव ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकोणतीस वर्षं त्यांनी बसमध्ये उभं राहून काढली होती आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी बसमध्ये बसलं की त्यांचे गुडघे दुखत, उभं राहिलं की थांबत.

या बेटावर येऊन चार दिवस झाले होते. बेटाला रस्ता एकच, समुद्राला धरून गोल फिरणारा. जावयाला गाडी भाड्याने घ्यायची होती, पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला कडा पाहून त्याने तो विषय स्वतःच मिटवला. मग राहिली बस. बस दोनच, दोन्ही एकाच दिशेने जाणाऱ्या. एक फेरी पन्नास मिनिटांची, एकीमागून दुसरी पंचवीस मिनिटांनी. ही माहिती बाईंनी पहिल्याच दिवशी ड्रायव्हरकडून काढली होती, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसताना, केवळ बोटांवर. बसला कंडक्टर नव्हता, ते मात्र त्यांना अजिबात पटलं नव्हतं. ते काम मग त्यांनी न विचारता स्वतःकडे घेतलं. प्रत्येक थांब्यावर खाली उभं राहायचं, मुलगी, जावई, थोरली, धाकटी, चार डोकी मोजायची आणि मग आपण चढायचं.

"आई, आपण पाच आहोत," जावई पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"कंडक्टर स्वतःला मोजत नाही. मोजतात ते प्रवासी."

सगळे हसले. मुलगीही हसली, पण त्या संध्याकाळी तिने पर्समधून निळी वही काढली होती.

त्या वहीचं बाईंना माहीत होतं. येताना बोटीत मुलगी थोरल्या भावाशी फोनवर बोलत होती. वाऱ्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि बाईंचे कान काही निवृत्त झालेले नव्हते. "आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे, बघते दादा. एकटी राहू शकते की नाही ते आल्यावर ठरवू. नसेल तर घर विकून तुझ्याकडे." दुसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेल्यावर बाईंनी वही उघडली. आत निघण्याआधीच्या, घरच्या नोंदी होत्या. मंगळवार, गॅस चालू राहिला. शुक्रवार, किल्ली बाहेरून दारालाच. रविवार, एकच गोष्ट दोनदा सांगितली. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. तिसरीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की एकच गोष्ट दोनदा सांगणं हा आजार असेल तर जावयाला लग्नाआधीच दवाखान्यात ठेवायला हवा होता.

तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत होत्या. चष्मा कुठे ठेवला ते मनात म्हणायचं, खोलीचं कुलूप ओढून पाहायचं, गोष्ट सांगण्याआधी "हे सांगितलं का मी?" असं विचारायचं. त्यांचं घर म्हणजे दोनच खोल्या होत्या, पण स्वयंपाकघराची खिडकी डेपोच्या फाटकावर उघडत होती. पहाटेची पहिली गाडी वळली की तिचा उजेड भांड्यांच्या मांडणीवरून सरकत जायचा. मुलाचं घर मोठं होतं, सून चांगली होती. पण तिथे अकराव्या मजल्यावरून बस काडेपेटीएवढी दिसायची. तिथे गेलो तर आपण वर्षभर टिकणार नाही, हे बाईंना कोणी न सांगता ठाऊक होतं.

आणि आता हे. त्यांचा फोन नातींनी फोटो काढायला घेतलेला, तो मुलीच्या पर्समध्ये.

मागे राहिलेल्या माणसाने जागा सोडू नये, हा नियम त्यांनी हजारदा लोकांना सांगितला होता. पण इथे बस उलट्या दिशेने येतच नव्हती. मुलगी परत येणार तर पायी येणार, आणि मग आपल्याला सोबत घेऊन जाणार. डेपोत हरवलेल्या सामानाची एक खोली होती. छत्र्या, जेवणाचे डबे, एकदा तर कोणाची कवळी. बाईंनी स्वतः कितीतरी वस्तू चिठ्ठी लावून तिथे जमा केल्या होत्या. त्या छत्र्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायची त्यांची इच्छा नव्हती. त्या स्टुलावर बसल्या, मनगटावरचं घड्याळ पाहत राहिल्या, आणि पंचवीसच्या जागी सत्तावीस मिनिटांनी बस आली तेव्हा ड्रायव्हरला घड्याळ दाखवून मगच चढल्या.

जागा रिकाम्या होत्या तरी त्या दाराजवळच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. बस दोन वळणं उतरली. तिसऱ्या वळणावर, रस्त्याच्या कडेने, उन्हात एक बाई समोरून येताना दिसली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, केस कपाळाला चिकटलेले. ती बसकडे पाहतही नव्हती. तिचं लक्ष रस्त्याच्या वरच्या टोकाकडे होतं.

कंडक्टरबाईंनी पत्र्यावर एक थाप मारली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. बसची भाषा सगळीकडे एकच.

"चढ," बाई म्हणाल्या. "जपून, पायरी उंच आहे."

मुलगी खालीच उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, आणि लहानपणी शाळा सुटल्यावर उभी राहायची तशी ओठ दाबून उभी राहिली. मग चढली. बाईंनी तिला खिडकीशी बसवलं आणि आज पहिल्यांदाच बसमध्ये स्वतःही बसल्या.

"कुठे गेली होतीस तू?"

"मी कुठेच गेले नव्हते. बस गेली."

"गर्दी होती. मला वाटलं तू यांच्यामागे आहेस, यांना वाटलं माझ्याजवळ. जागा झाली म्हणून तुला हाक मारली तर..." मुलीने चप्पल मांडीवर ठेवली. "मुलींना घेऊन ते खालच्या थांब्यावर थांबलेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आई."

"पाणी पी मग."

ती प्यायली. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर 'दादा' होतं. मुलीने डोळे मिटून घेतले. घाबरून आधी त्यालाच फोन केला असणार, हे बाईंनी ओळखलं. त्या समोरच्या आसनाच्या फाटक्या कोपऱ्याकडे पाहू लागल्या.

"हो. आहे, माझ्याशेजारीच आहे... नाही दादा, हरवली नव्हती. आम्हीच तिला न घेता पुढे गेलो. चौघं होतो, एकानेही मागे पाहिलं नाही... अरे, ऐक ना. मीच रस्त्यात वेड्यासारखी चालत होते. तिने बस थांबवून मला घेतलं." मुलीचा आवाज थोडा चढला. "नाही. आता त्यात ठरवण्यासारखं काही नाही. घर विकायचं नाही. तिचं तिला छान जमतंय."

कंडक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या दिवशी हार घातला तेव्हाही झाला नव्हता. त्यांनी मुलीच्या हातातली चप्पल घेतली, पट्टा पाहिला आणि आपल्या अंबाड्याची पिन काढून तो जोडायला लागल्या.

एका खाणावळीपुढे बस थांबली. ड्रायव्हर उतरून टपावरून बर्फाची खोकी काढू लागला. इंजिन बंद झाल्यावर लाटांचा आवाज आला. बाईंनी पट्टा जोडला, चप्पल मुलीच्या पायाशी ठेवली, आणि तरी त्यांचे हात स्वस्थ राहीनात. नोकरीत त्यांनी एकच गोष्ट कसोशीने पाळली होती. चूक झाली की रात्रीच्या रिपोर्टात आपल्या हाताने लिहायची, तपासनिसाला सापडायच्या आधी. त्यामुळे एकोणतीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा प्रश्न विचारला नव्हता.

"वही काढ," त्या म्हणाल्या.

"कुठली वही?"

"निळी."

मुलीचा चेहरा उन्हाने लाल होता, तो आणखी लाल झाला. "तू वाचलीस?"

"गॅसचं खरं आहे, किल्लीचंही. रविवारचं खोडून टाक. आणि आजचं लिही."

"आजचं काय लिहायचं? आज चूक आमची होती."

"तुमची होतीच. माझं वेगळं आहे." बाईंनी हात मांडीवर ठेवले. "थापा मारल्या तेव्हा मी इथे नव्हते. ड्यूटीवर होते. नुसती सवय म्हणत नाहीये मी. गाडी गेल्यावर मी कंट्रोलरच्या खिडकीकडे निघाले, गाडी सुटली म्हणून सांगायला. खांद्यावर पिशवी चाचपली."

मुलीने फोन पर्समध्ये टाकला आणि ती आईकडे वळून बसली.

"समुद्र दिसला तेव्हा आठवलं."

"म्हणजे किती वेळ?"

"अर्धं मिनिट. जास्त नाही."

"आधी असं झालं होतं?"

"एकदा. मे महिन्यात. दूध आणायला निघाले आणि डेपोत चार नंबरच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. तिथला चहावाला म्हणाला, बाई, आज इकडे कुठे? तेव्हा पिशवीतली बाटली दिसली." बाई थोड्या थांबल्या. "हे तुला सांगायचं नव्हतं. घर जाईल म्हणून. पण तू दादाला माझ्याबद्दल खात्री दिलीस, मग सांगायला हवं."

खाली खोकी मोजून घेण्यावरून ड्रायव्हर आणि खाणावळवाला हुज्जत घालत होते. मुलीने वही काढली, पेन काढलं, पान उघडलं. बराच वेळ ते पान तसंच कोरं राहिलं. मग तिने वही आईच्या मांडीवर ठेवली.

"तूच लिही. यापुढे तूच लिहायचं. रविवारी फोनवर मला वाचून दाखवायचं, जसं झालं तसं. आणि परत गेल्यावर आपण डॉक्टरांकडे जायचं, दोघी."

"आणि घर?"

"तू खरं लिहितेस तोवर घर तुझं. दादाचं मी बघते."

कंडक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हलणाऱ्या गाडीत लिहिण्याची सवय असलेलं त्यांचं अक्षर, थांबलेल्या गाडीत तर छापल्यासारखं आलं. वेळ, अकरा दहा. ठिकाण, दीपगृह. प्रवासी चार, सर्व आत. कंडक्टर मागे. त्याखाली त्यांनी सही केली, आणि मुलीला हसू आलं आणि रडूही आलं. बाईंनी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या थांब्यावर जावई दोन्ही मुलींचे हात घट्ट धरून उभा होता. बस दिसताच धाकटीने टोपी हलवली. मुलगी आधीच उतरली, तिने दोघींना वर चढवलं, नवऱ्याला आत ढकललं. "आई, कुठे होता तुम्ही?" असं तो विचारायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला "पुढे सरका" म्हणून सांगितलं. तो निमूटपणे सरकला.

मुलगी खालीच उभी होती. तिने बोटाने एकेक खिडकी मोजली. थोरली, धाकटी, नवरा. शेवटी आई.

"चार," ती म्हणाली. "झाले सगळे." आणि पत्र्यावर मारायला हात उचलला.

"पाच," कंडक्टरबाई खिडकीतून म्हणाल्या. "आधी तू चढ."

मुलीचा हात तसाच राहिला. मग ती दाराशी गेली. तिचे दोन्ही पाय आत आलेले दिसेपर्यंत बाई थांबल्या, आणि मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी दोन थापा मारल्या.