बांधापुरता पाऊस

टोमॅटोच्या वावरात नवऱ्याने हौसेने एक पांढरा खांब रोवला. त्याच्या डोक्यावर नरसाळ्यासारखं भांडं. पाऊस पडला की खांब तो मोजणार, मोबाइलवर कळवणार आणि ठिबकचं पाणी आपोआप बंद करणार. गारा किंवा वादळ यायचं असेल तर तेही मोबाइल आधी सांगणार. नवरा खांबाला कर्त्या माणसाचा मान द्यायला लागला. सुनेला वाटलं, बरं झालं, घरात एक तरी बोलकं माणूस आलं.

आभाळ मात्र ठणठणीत कोरडं आणि मोबाइल रोज सकाळी म्हणे, आपल्या शेतात पाऊस झाला. ठिबक बंद. झाडांनी माना टाकल्या. शेजाऱ्याने बांधावरूनच चौकशी केली, की देवाशी काही वेगळी बोलणी झालीत का, कारण आमच्याकडे शिंतोडाही नाही. नवऱ्याने ठिबक हाताने सुरू केलं आणि उद्या खांब उपटायचा, असं घरात जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोबाइलने कळवलं, दुपारी गारा, पिकावर जाळी ओढून घ्या. नवऱ्याने वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. ज्याला झालेला पाऊस धड सांगता येत नाही, त्याच्या शब्दावर जाळी कोण ओढणार?

टोमॅटो लालीवर आले होते. गारांनी झोडपले तर हाती देठ राहिले असते. सून एकटीच जाळी ओढायला निघाली. वावरात बघते तर खांबापाशी सासूबाई स्टुलावर उभ्या, हातात तांब्या. पाखरांना पाणी ठेवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम.

"भांडं गळकं आहे गं," त्या हळूच म्हणाल्या. "कितीही ओता, टिकत नाही. पण पोराने हौसेने आणलंय, म्हटलं कशाला बोलायचं. आपणच दोन तांबे जास्त घालायचे."

सुनेने त्यांना हात धरून उतरवलं. आईंचं नाव घ्यावं तर त्या दुखावणार, न घ्यावं तर पीक जाणार. घरी येऊन ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, की खांब खोटं बोलत नाही, पडलं तेवढंच सांगतो.

"अगं, पण पडलं कुठे?"

"मी पाडलं," सासूबाई मागून म्हणाल्या.

नवऱ्याने पालथा मोबाइल उचलून गारांचा निरोप पुन्हा वाचला. मग उठून जाळी ओढायला गेला. तिघांनी मिळून ती ताणून बांधली. दुपारी गारा आल्या. जाळीला झोळ पडले, टोमॅटो वाचले. खांब उपटायचा विषय पुन्हा निघाला नाही. सुनेने बांधावरच्या झाडाला मातीचं पसरट भांडं टांगलं.

संध्याकाळी सासूबाईंनी सुनेला विचारलं, "मी घातलेलं पाणी तो रोज मोजत होता?"

"रोज, आई. थेंबन् थेंब."

सासूबाईंनी खिडकीतून खांबाकडे पाहिलं.

"मग असू दे त्याला," त्या म्हणाल्या. "केलेल्याची दखल घेणारं घरात कुणीतरी हवंच."