सतरावी ओळ

पेनाचं काळं टोक उत्तरपत्रिकेवरच्या गोळ्यावर टेकणार, तेवढ्यात गोळ्याच्या डावीकडचा आकडा तिला दिसला. त्रेचाळीस. आकडा इतका बारीक की तो कुणी वाचावा असं छापणाऱ्यालाही वाटलं नसावं... पण वाचला गेला. आणि शेजारच्या प्रश्नपत्रिकेत तिचं डावं बोट ज्या प्रश्नावर होतं तो होता चव्वेचाळिसावा.

तिने पेन उचललं. डोळे एकेक ओळ वर चढत गेले – बेचाळीस, एकेचाळीस, चाळीस – सगळे गोळे गच्च भरलेले, कडेबाहेर एक ठिपका नाही, आणि सगळे एकेक घर वर सरकलेले. थेट सतरापर्यंत. सतरावी ओळ रिकामी राहायला हवी होती. ती तिनेच रिकामी सोडली होती, जाणूनबुजून, मागाहून येते म्हणून. तिथे आता अठराव्याचं उत्तर ऐसपैस बसलं होतं.

सव्वीस उत्तरं चुकीच्या घरात. पेनाची शाई खोडता येत नाही, दुसरी उत्तरपत्रिका मागायची नाही, दर चुकीला एक गुण वजा. आता आपल्याला रडू येणार, असं तिला वाटलं आणि ती थोडी थांबली, येणाऱ्याला दार उघडं ठेवावं तशी. रडू आलं नाही. आलं ते हसू, आणि ते दाबताना नाकातून आवाज झाला. पुढच्या बाकावरच्या मुलाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागे वळून बघायला दोन सेकंद लागतात.

क्लासच्या सरांना सगळे टिकटिक म्हणत. गळ्यात दोरीला लावलेलं घड्याळ, बोलताना अंगठा त्याच्या बटणावर. साठ प्रश्न, चाळीस मिनिटं, एका प्रश्नाला चाळीस सेकंद, या हिशेबावर त्यांचा क्लास, त्यांचं नाव आणि भिंतीवरच्या फोटोंची रांग उभी होती. आकडा वाचायचा नाही, हेही त्यांचंच. "ओळ नंबर बघत बसू नका रे. हाताला सवय लावा, हात आपोआप खाली उतरला पाहिजे. साठ वेळा आकडा बघाल तर तीन प्रश्नांचा वेळ खाल." सहा महिने हात खाली उतरायला शिकला होता. आज तो शिकवल्याबरहुकूम उतरला, सोडलेली ओळ न सोडता. शाळेतल्या कुठल्याही मुलीच्या हातून ही चूक झाली नसती, कारण शाळेतल्या मुली आकडा वाचतात. ही चूक करायला सहा महिने क्लास लावावा लागतो... आणि पुन्हा हसू आलं.

मनात मोजणी चालूच होती. ती आता थांबवता येत नसे. दात घासताना, जिना चढताना, आई बोलत असताना आत कुणीतरी एक ते चाळीस म्हणत असे आणि चाळीसला पाठीत ढोसत असे – सोड, पुढचं घे.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. चव्वेचाळीसपासून नीट भरलं असतं तर थोडंफार सावरता आलं असतं, हे तिला कळत होतं. हेसुद्धा शिकवलेलंच – बुडत्या पेपरात हातपाय मारायचे. क्लासची निवड चाचणी होती ही. वरचे चाळीस जण खास तुकडीत, नववीपासून बारावीपर्यंत, वैद्यकीयची प्रवेश परीक्षा होईपर्यंत चार वर्षं, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. शाळेत फक्त नाव राहणार आणि वर्षातून दोनदा पेपरापुरतं तोंड दाखवायचं. गुरुवारचे प्रयोगशाळेचे दोन सलग तास, ज्यांच्या मध्ये घंटा होत नसे, ते गेले. ते जातील याचं वाईट वाटतं, हे तिने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते काही सांगण्यासारखं कारण नव्हतं.

आणि कारणाला गुण नसतात. हे वाक्यही सरांचंच. सतरावा प्रश्न क्लासमध्ये झाला होता: भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमेचं काय होईल? अ, वरचा भाग नाहीसा होईल. ब, खालचा भाग नाहीसा होईल. क, प्रतिमा पूर्ण पण मंद दिसेल. ड, दिसणारच नाही. उत्तर क. तिने हात वर केला होता – सर, पण असं का? अर्धं झाकलं तर अर्धं जायला नको का? सरांनी अंगठा बटणावरून न काढता म्हटलं होतं, "अर्धं भिंग, पूर्ण प्रतिमा. पाठ करून टाक. कारणाला गुण नसतात बाळ." वर्ग हसला होता, तीही हसली होती. त्या हसण्याचाच तिला आज राग आला. बाकीच्यांच्या नाही, स्वतःच्या.

उत्तर तिला चार सेकंदांत आलं असतं. म्हणूनच तिने ते सोडलं होतं. जे मला ठाऊक नाही ते मी ठाऊक असल्यासारखं काळं करणार नाही – एवढंच. एका गोळ्यापुरतं. एवढीही चैन परवडत नाही म्हणजे काय!

तिने कच्च्या कामाचा कागद पुढे ओढला आणि एक भिंग काढलं. डावीकडे एक झाड. झाडाच्या शेंड्यावरून एक रेघ भिंगाच्या वरच्या कडेला, एक मधोमध, एक खालच्या कडेला. तिन्ही रेघा पलीकडे वाकून एकाच ठिपक्यात. मग बुंध्यापासून तीन. त्याही एकाच ठिपक्यात, वेगळ्या. मग भिंगाचा वरचा अर्धा भाग तिने गिरगटून काळा केला... शेंड्याची वरची रेघ मेली. खालची? खालची जिवंत होती. बुंध्याचीही. शेंड्याचा उजेड काय फक्त वरच्या काचेवर पडतो? तो तर सगळ्या भिंगावर पडतो. प्रत्येक ठिपक्याचा. म्हणजे काचेच्या प्रत्येक तुकड्यातून सगळं झाड जातं. तुकडा झाकला तर झाड कमी होत नाही, उजेड कमी होतो. एवढंच होतं! एवढंसं, आणि सहा महिने कुणी सांगितलं नाही. तेवढ्यात वेळ संपल्याची शिटी झाली. त्रेचाळीसपासून साठपर्यंतचे गोळे पांढरे राहिले.

दुपारी ती बाबांच्या दुकानात बसली होती. बाबा चष्मेवाले. लांबट दुकान, दारासमोरच्या टोकाला पांढरी भिंत, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि मध्ये उंच खुर्चीत एक निवृत्त बसड्रायव्हर, नाकावर लोखंडी चौकट चढवलेली. बाबा लाकडी पेटीतून एकेक भिंग काढून चौकटीत सरकवत होते.

"आधीचं बरं की हे बरं?"

"हे... नाही, आधीचं. सांगता येत नाही बुवा. तुमचा वेळ खातोय मी."

"खा की. घाई केली की डोळा खोटं बोलतो. उगाच कुठलं तरी 'बरं' म्हणाल आणि वर्षभर डोकं धराल."

ती हे वाक्य जन्मल्यापासून ऐकत होती. बाबांच्या गिऱ्हाइकांना एवढा वेळ मिळतो आणि मुलीला चाळीस सेकंद, हे बाबांना कधी खटकलं नसेल का? खटकलं असेल. पण क्लासच्या बाबतीत बाबा आईच्या शब्दाबाहेर नव्हते. खुद्द आईच्या मनात एक जुनं दुखणं अठरा वर्षं ठसठसत होतं, त्याला बाबा काय बोलणार?

आई रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नमुने घेत असे. दिवसाला साठ-सत्तर हात. तिच्या हाताला यश होतं, लहान मुलंसुद्धा रडत नसत. आणि घरी आली की कधीतरी, चहा गाळता गाळता, म्हणे, "सुई मी टोचते, सही दुसऱ्याची." तिचा वैद्यकीयच्या परीक्षेचा फॉर्म मामाने नेऊन देतो म्हणून खिशात ठेवला आणि तारीख उलटल्यावर धुवायच्या कपड्यांत सापडला. मामा आजही सणासमारंभाला येतो, आई त्याला वाढते, हसते. पण मुलीच्या बाबतीत तारीख चुकायची नाही, हे आईने तेव्हाच ठरवलं असणार – मुलगी व्हायच्याही आधी.

मला डॉक्टर व्हायचं नाही असं कुठे म्हटलंय मी? तिने पेटीतली भिंगं नंबरवार लावता लावता मनातल्या मनात आईशी भांडण उकरून काढलं. कदाचित होईन. पण सरांच्या अंगठ्याखालून नाही.

बसड्रायव्हर गेले आणि दारात आई उभी राहिली. रविवारची अर्धी पाळी संपवून थेट आलेली, अंगात पांढरा कोट तसाच. हातात एक कोरा कागद.

"सरांचा फोन आला होता मला." आई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. दम लागला होता, पण चेहरा उजळला होता. "अगं, ओळ सरकली तुझी! त्यांनी तुझी प्रश्नपत्रिका तपासली, खुणा केलेल्या असतात ना तू. म्हणाले, पहिल्या त्रेचाळीसात दोनच चुकलेत आणि एक सोडलाय. असा हात वाया जाऊ देणार नाही म्हणाले. अर्ज दे फक्त. नजरचुकीने ओळ सरकली, ते निस्तरण्यात वेळ गेला, म्हणून पुढचं राहिलं. खाली तुझी सही, माझी सही. चारच्या आत."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन.

"लिही," आई म्हणाली. कोटाच्या खिशातून तिनेच पेन काढून दिलं.

तिने लिहिलं: निवड चाचणीत नजरचुकीने माझी एक ओळ सरकली. हे खरं होतं. इथपर्यंत हात आपोआप उतरला. आता दुसरं वाक्य. आत मोजणी सुरू झाली, सात, आठ, नऊ... ते निस्तरण्यात वेळ गेला. किती सोपं! चार शब्द की आई खूश, सर खूश, बाबा सुटले. आणि हे काही मोठं खोटं नव्हतं, याहून मोठी खोटी उत्तरं तिने सहा महिने रोज दिली होती, अंदाजाने, पाठांतराने, आणि त्यांना शाबासकी मिळाली होती. एकवीस, बावीस... आई तिच्याकडे बघत होती, शिरेकडे बघते तशी एकटक आणि मायेने, आणि ती माया बघून तिला आईचा संताप आला, आणि संतापाची लाज वाटली, आणि तरी तो गेला नाही. अडतीस. एकोणचाळीस.

"मला वेळ होता," ती म्हणाली.

"काय?"

"ओळ सरकलेली कळली तेव्हा अकरा मिनिटं होती. पुढचे प्रश्न मला येत होते. मी सोडवले नाहीत."

आईचा चेहरा उतरला नाही, नुसता थांबला. "बरं वाटत नव्हतं का?"

"बरी होते. छान होते मी."

"अगं मग काय करत होतीस? अकरा मिनिटं!" आईचा आवाज चढला. "इथे लोक एकेका मिनिटासाठी जीव टाकतात. मला कुणी अकरा मिनिटं दिली असती ना..." पुढचं बोलायची गरज नव्हती, धुवायच्या कपड्यांतला तो फॉर्म तिघांनाही पाठ होता.

उलट उत्तर तिच्या जिभेवर होतं. तुझा फॉर्म मी नव्हता हरवला. ते तिने गिळलं. त्याऐवजी पेटीतून दोन नंबरचं प्लसचं भिंग उचललं आणि उठून दुकानातला दिवा बंद केला. तक्ता काढून खाली ठेवला. भिंतीपासून हातभर अंतरावर भिंग धरून ते पुढे-मागे केलं, आणि पांढऱ्या भिंतीवर समोरचा रस्ता उमटला. उलटा. वर फुटपाथ, खाली आभाळाचा तुकडा, आणि मधून एक सायकलवाला डोक्यावर चालत गेला.

"हे करत होते," ती म्हणाली. "झाक अर्धं."

"कशाने?"

"कशानेही."

आईने समोरचा अर्जाचा कागदच उचलला. तिने त्याची चौघडी केली, खुर्चीतून उठली आणि भिंगाची वरची बाजू झाकली. नमुन्याची नळी धरायची सवय असलेला हात, जराही हलला नाही. भिंतीवरचा रस्ता मंदावला. पण सगळा होता. फुटपाथ होता, आभाळ होतं, एक बाई कुत्रं घेऊन उलटी चालली होती.

आई कागद खाली आणू लागली, पुन्हा वर नेऊ लागली. हा माझ्या पुढच्या चार वर्षांवरचा दृष्टांत वगैरे नाही हं, असं तिला आईला सांगावंसं वाटलं, ही नुसती काच आहे. पण आई तसलं काही शोधत नव्हती. आईच्या कपाळावर एक आठी पडली होती, आणि ती आठी तिने यापूर्वी फक्त आरशात पाहिली होती.

"अर्धं जायला हवं ना," आई पुटपुटली. "का नाही जात?"

रस्त्यावर कुठेतरी हॉर्न वाजला. चारला किती मिनिटं उरली असतील? कागदाच्या चौघडीत तिचं एक खरं वाक्य होतं, खाली कोरी जागा, आणि आईची सही अजून पेनातच होती. संध्याकाळी या घरात काय होईल ते तिला माहीत नव्हतं. कदाचित आई भानावर येईल, रडेल, कागद उलगडून स्वतःच दुसरं वाक्य लिहील. लिहू दे. मी सही करणार नाही.

"सांगते," ती म्हणाली, "पण वेळ लागेल," आणि कितीवर आली मोजणी म्हणून सवयीने तिने आत पाहिलं, तर तिथे कुणी मोजत नव्हतं.