चार नंबरची खिडकी

माझ्या हाताखाली बहात्तर मशीन आहेत आणि त्यातलं एकही बिघडत नाही. हे मी छातीठोकपणे सांगते. ज्याला खोटं वाटेल त्यानं येऊन बघावं. आमच्या हॉस्पिटलच्या तीन इमारतींमध्ये काउंटरच्या प्रत्येक खिडकीमागे जो छोटा काळा डबा दिसतो, तो माझा. त्याला थिन क्लायंट म्हणतात. डब्याच्या पोटात स्वतःचं असं फारसं काही नसतं. सगळी माहिती सर्व्हरवर असते, डबा फक्त ती स्क्रीनवर दाखवतो.

शिवाय प्रत्येक डब्याला मी कुलूप घातलंय. म्हणजे दिवसभर कुणी काही बदललं, फोटो लावले, आयकॉन उडवले, तर ते पाटीवर लिहिल्यासारखं. संध्याकाळी मशीन बंद झालं की पाटी पुसली जाते आणि सकाळी बरोबर साडेआठला, माझ्याच वेळापत्रकानं, सगळे डबे कोरे करकरीत होऊन उठतात. एखादा बदल कायमचा टिकवायचा तर क्रम ठरलेला आहे. आधी कुलूप काढायचं, मशीन रीस्टार्ट करायचं, मग बदल करायचा आणि शेवटी पुन्हा कुलूप. नवीन पोरं नेमका बदल आधी करतात आणि कुलूप नंतर काढतात. रीस्टार्ट झालं की सगळी मेहनत पाण्यात. अशा पोरांना मी दोन दिवस पुरेल इतकं ऐकवते.

बुधवारी नोंदणीचे साहेब माझ्या खोलीत आले. हातात एक कागद होता.

"चार नंबरच्या खिडकीवर पहिला पेशंट रोज आठ बेचाळीसला घेतला जातो," ते म्हणाले. "बाकी सगळीकडे आठ एकतीस. दोष मशीनचा की माणसाचा, तेवढं लिहून द्या."

मी मशीनच्या नोंदींचा लॉग उघडला. चार नंबरचा डबा वर्षभर न चुकता चाळीस सेकंदांत सुरू होत होता. मी लिहून दिलं: 'यंत्र निर्दोष.' खाली सही केली, शिक्का मारला. त्या खिडकीवर कोण बसतं हे विचारावं, असं माझ्या मनातही आलं नाही. मी डबे नंबरानं ओळखते, माणसं हा साहेबांचा प्रांत.

शुक्रवारी संध्याकाळी मावशीकडे जेवायला गेले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तेव्हापासून मावशीनंच मला वाढवलं. आता ती खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. नोकरी दोघींची एकाच हॉस्पिटलात, पण तिची इमारत वेगळी आणि ती घरी ऑफिसचं फारसं काढत नाही. ऑफिसच्या गप्पा मी मारायच्या आणि तिनं ऐकायच्या, अशी आमची वाटणी.

"सोमवारपासून मला खाली दप्तरखान्यात पाठवतायत," ती ताट वाढता वाढता म्हणाली.

"का?"

"हात सावकाश चालतो म्हणे माझा. मशीनवाल्यांनीच लिहून दिलंय, मशीन ठीक आहे म्हणून."

मी घास ताटात ठेवला. "तुझी खिडकी कितवी गं?"

"चार."

दप्तरखाना मी पाहिलाय. एक मिणमिणती ट्यूबलाइट आणि चाळीस वर्षांच्या फिकट फायली. मावशीचा डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यावर सगळा भार. तिथं तो उजवाही वर्षभरात हात टेकेल. आणि रिटायर व्हायला अजून तीन वर्षं आहेत.

शनिवारी साडेआठला मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. डबा सुरू झाला. चाळीस सेकंद, नेहमीसारखे. मग मावशीनं ड्रॉवरमधून एक वही काढली, नाक स्क्रीनला टेकेल इतकी पुढे वाकली आणि एकेक करून सगळं बदलायला लागली. अक्षरं मोठी. मागचा पांढरा रंग काळा. माउसचा बाण दुप्पट. मधेच बाण हरवला तर बोटानं स्क्रीन चाचपायची. खिडकीबाहेर लोक चुळबुळत होते. अकरा मिनिटं गेली.

"हे रोज करतेस?"

"रोज. काल केलेलं आज नसतंच ना."

"किती दिवस?"

"डोळा गेला तेव्हापासून. चार वर्षं झाली असतील."

"मग मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढलाच.

"काय सांगू? माझं मशीन कधी बिघडत नाही, हे तूच येता-जाता ऐकवतेस. मला वाटलं, माझंच काहीतरी राहून जातंय. आणि भाची आहे म्हणून लाड करून घेते, असं चारचौघांनी म्हणायला नको."

मला स्वतःचाच भयंकर राग आला. तशीच साहेबांकडे गेले.

"बुधवारचा रिपोर्ट चुकीचा आहे," मी म्हटलं. "बाई त्यांची सेटिंग रोज लावतात आणि माझं कुलूप ती रोज पुसतं. उशीर माझ्यामुळे होतोय. आणि हेही सांगून ठेवते, त्या माझ्या मावशी आहेत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी साडेआठला मी स्वतः खिडकीशी उभा राहीन. आठ एकतीसला पहिला नंबर लागला तर बदली रद्द. नाहीतर मला दुसरा इलाज नाही."

"लागेल," मी म्हटलं.

दुपारी खिडक्या बंद झाल्यावर मावशीला शेजारी बसवलं आणि तिची वही पुढ्यात घेतली. मोठ्या ठळक अक्षरांत अकरा पायऱ्या लिहिलेल्या होत्या, एकही चूक नव्हती. मी भराभर सगळं लावलं. अक्षरं मोठी झाली, मावशी आरामात मागे रेलली आणि मी खुशीत कुलूप काढून मशीन रीस्टार्ट केलं.

अक्षरं मुंगीएवढी. सगळं पुसलेलं.

बदल आधी, कुलूप नंतर. ज्या चुकीवरून मी पोरांना धारेवर धरते, तीच.

मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. "आता कळलं, रोज सकाळी मला काय वाटतं ते?"

"कळलं," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. कुलूप निघालेलंच होतं. अकराही गोष्टी लावल्या, कुलूप घातलं. मग मशीन तीनदा बंद करून तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा मोठी अक्षरं आली. तरी मावशीनं चौथ्यांदा करायला लावलं.

सोमवारी साहेब घड्याळ बघत उभे होते. साडेआठला डबा उठला. काळ्या स्क्रीनवर ठसठशीत पांढरी अक्षरं. मावशीचा हात सवयीनं वहीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत आला. तिनं पहिल्या पेशंटला हाक मारली तेव्हा आठ एकतीसला अजून दहा सेकंद बाकी होते. साहेबांनी खिशातून बदलीचा कागद काढला, दोन तुकडे केले आणि निघून गेले.

संध्याकाळी मावशीनं वही माझ्यापुढे ठेवली. "घे. आता मला कशाला?"

शनिवारी घाईत मी फक्त पायऱ्यांचं पान बघितलं होतं. आता कव्हर उलटलं. आत, चार वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मशीन चांगलं आहे. विसर आपल्याला पडतो. रोज पहिल्यापासून करायचं.'

रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मग पेन काढलं, त्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'विसर मशीनला पडत होता. बाईंना नाही.' सही केली, हुद्दा घातला, बॅगेतून शिक्का काढून ठोकला.

मावशीनं वही नाकाशी धरून वाचली. बराच वेळ लावला, दोनदा वाचली असावी.

"शिक्का उलटा मारलायस," ती म्हणाली, आणि वही माझ्याकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.